मीटर १२.७ दाखवतो, मग इन्व्हर्टर पाच मिनिटांत का बसतो?

प्रश्न थोडक्यात असा. नवी मुंबईत घणसोलीतल्या एका गृहस्थांकडे चार वर्षांची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आहे. रात्रभर चार्ज होते, सकाळी मल्टिमीटर लावला की १२.७ व्होल्ट दाखवते. पण लाइट गेली आणि दोन पंखे, चार ट्युबा, टीव्ही असा लोड आला, की पाच मिनिटांत इन्व्हर्टर टीं-टीं करून बंद. दुकानदार म्हणतो, ‘इंटर्नल रेझिस्टन्स वाढलाय, नवी घ्या.’ यांचा सवाल, व्होल्टेज पूर्ण असताना बॅटरी खराब कशी? दुकानदार टोपी घालतोय का?

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये सव्वीस वर्षं यूपीएस आणि इन्व्हर्टर दुरुस्त करतोय. हा प्रश्न पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा तरी येतो. दुकानदाराने वापरलेला शब्द खरा आहे. इंटर्नल रेझिस्टन्स म्हणजे बॅटरीच्या पोटातच प्रवाहाला होणारा अडथळा, तिचा अंतर्गत रोध. पण तुम्ही सांगता त्यावरून त्याने काहीही न मोजता तो वापरलेला दिसतो. आणि तुम्ही मोजलंत, पण बॅटरी झोपलेली असताना मोजलंत. म्हणजे अजून निकाल कुणाच्याच बाजूने नाही.

आधी तुमच्या मीटरकडे बघू. साध्या डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रोध साधारण १ कोटी ओहम असतो. तो १२.७ व्होल्टला लावला की बॅटरीतून जेमतेम सव्वा मायक्रोअँपिअर प्रवाह निघतो. आता समजा बॅटरीच्या पोटात हजार ओहमचा रोध येऊन बसला. अशा बॅटरीवर एक एलईडीही धड लागणार नाही. तरी मीटरपुढे तिचं व्होल्टेज किती पडेल? सव्वा मिलिव्होल्ट. २० व्होल्टच्या रेंजवर तो आकडा दिसतसुद्धा नाही, स्क्रीनवर १२.७० तसेच राहतात. तुमचा इन्व्हर्टर मात्र त्याच बॅटरीकडून ३०-३५ अँपिअर मागतो, म्हणजे मीटरच्या अडीच कोटी पट. मीटर खोटं बोलत नाही. त्याला तुम्ही विचारलेलंच नाही.

घरातला पुरावा हवा असेल तर टॉर्चमधून काढून टाकलेला सेल भिंतीवरच्या घड्याळात घाला. टॉर्च ज्याच्यावर लाल मिणमिणत होता, त्यावर घड्याळ महिनोन् महिने चालतं. घड्याळाला सरासरी मिलिअँपिअरचा अंशच लागतो, टॉर्चला शेकड्यांनी मिलिअँपिअर. सेलची ताकद दोघांना तीच दिसते, पण पोटातल्या रोधाचा दंड प्रवाहाच्या हिशेबाने भरावा लागतो.

बारावीच्या फिजिक्सच्या प्रयोगवहीत हेच होतं. पोटेन्शिओमीटरची लांब तार, जॉकी, सेलचा अंतर्गत रोध काढायचा. सेल मोकळा असताना एक लांबी, त्याच्या टोकांना रोध जोडल्यावर दुसरी लांबी. बहुतेकांनी वाचनं मागच्या बाकावरून उतरवली असतील, मीही उतरवली होती. पण त्या प्रयोगातली खोच हीच होती की सेलला कामाला लावल्याशिवाय त्याचा रोध कळत नाही. खुद्द ओहमलाही याचा त्रास झाला होता. सुरुवातीला त्याने व्होल्टाच्या पद्धतीचे सेल वापरले, पण त्यांचं व्होल्टेज प्रवाह काढला की हलायचं. मग १८२६ मध्ये त्याने बिस्मथ आणि तांब्याचं थर्मोकपल घेतलं, म्हणजे दोन धातूंच्या सांध्यांतल्या तापमानाच्या फरकावर व्होल्टेज देणारी जोडी, एक सांधा उकळत्या पाण्याच्या वाफेत आणि दुसरा बर्फात, तेव्हा कुठे वाचनं स्थिर झाली. त्याने त्या वेळी मांडलेल्या सूत्रात तारेच्या लांबीला मिळवलेला एक जादा स्थिरांक आहे. तो म्हणजे तारेखेरीज बाकी सगळ्या मंडळाचा रोध. शाळेत आपण ते पद गाळूनच नियम पाठ करतो आणि पुढे इन्व्हर्टर घेतला की ते पद आपल्याला गाठतं.

आता तुमचा हिशेब. दोन पंखे १५० वॉट, ट्युबा ८०, टीव्ही ८०, राउटर १०. मिळून ३२०. इन्व्हर्टरमध्ये काही वाया जातं, म्हणून बॅटरीकडून साधारण ४०० वॉट निघतात. धडधाकट बॅटरीचा रोध ८ मिलिओहम धरा. ती ३२ अँपिअर देईल आणि टोकांवर १२.४ च्या वर व्होल्टेज राहील. आता रोध ५० मिलिओहम धरा. पहिल्या फटक्याला वाटतं, ३२ गुणिले ०.०५ म्हणजे १.६ व्होल्ट पडतील, ११.१ उरतील, चालेल की. पण इन्व्हर्टरला ४०० वॉट हवेतच. व्होल्टेज कमी मिळालं तर तो प्रवाह वाढवून घेतो, प्रवाह वाढला की व्होल्टेज आणखी पडतं, की तो आणखी प्रवाह खेचतो. बुडत्याचा पाय खोलात. हे सगळं जाऊन थांबतं ते ३७ अँपिअर आणि १०.८५ व्होल्टच्या आसपास. बहुतेक घरगुती इन्व्हर्टर साडेदहाच्या जवळपास हात वर करतात. म्हणजे शिल्लक उरली ०.३५ व्होल्टची. ती संपायला पाच मिनिटं पुरतात.

आणि ते वाया गेलेलं व्होल्टेज जातं कुठे? बॅटरीच्या पोटातच, उष्णतेत. ३७ चा वर्ग गुणिले ०.०५ केलं तर जवळपास ६८ वॉट. म्हणजे तुमच्या घरात तिसरा पंखा चालू आहे, फक्त तो बॅटरीच्या आत आहे आणि वारा देत नाही. लाइट गेल्यावर पाच-दहा मिनिटांत बॅटरीची कूस कोमट लागत असेल, किंवा एकाच बाजूला गरम लागत असेल, तर मला मीटरची फारशी गरज पडत नाही.

गंमत पुढे आहे. इन्व्हर्टर बंद पडला की लोड सुटतो, प्रवाह शून्य होतो, आणि व्होल्टेज उसळी मारून पुन्हा १२.५ ला जातं. गिऱ्हाईक नेमका त्याच वेळी मीटर लावतो आणि मला फोन करतो, ‘अहो, बॅटरी तर भरलेली आहे, इन्व्हर्टरच बिघडलाय.’ १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई एकदम बंद पडली होती, आठवत असेल. घरोघरी ऑफिसचं काम आणि मुलांची ऑनलाइन शाळा. त्या दिवशी मला आलेल्या फोनपैकी बहुतेकांच्या बॅटऱ्या आदल्या दिवशीपर्यंत ‘एकदम ओके’ होत्या. आमच्याकडे लाइट जाते ती बऱ्याचदा पाच-दहा मिनिटांपुरती. तेवढ्यात अशक्त बॅटरीही निभावून नेते, मग कळणार कसं?

हा रोध म्हणजे आत बसवलेला एखादा पार्ट नव्हे. प्लेटा, त्यांना जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या, मधले सेपरेटर, अ‍ॅसिड, आणि प्लेटेच्या पृष्ठभागावर चाललेली रासायनिक क्रिया, या सगळ्यांची मिळून अडवणूक आहे ती. डिस्चार्ज होताना दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट बसतं. ते वीज फारशी वाहू देत नाही. लगेच चार्ज केलं तर बारीक कण परत विरघळतात. बॅटरी आठवडाभर अर्धवट पडून राहिली तर तेच कण मोठे आणि टणक होतात, मग चार्जरला दाद देत नाहीत. पाणी कमी झालं की प्लेटेचा वरचा भाग उघडा पडतो आणि कामातून जातो. पॉझिटिव्ह प्लेटेतलं शिसं वर्षागणिक गंजत जातं, त्याला इलाज नाही. उष्णता या सगळ्याला घाई करते. ठोकताळा असा की तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं. ऐरोली-घणसोलीकडे बंद गॅलरीत, पश्चिमेच्या उन्हात, कपड्यांच्या स्टँडखाली ठेवलेल्या बॅटऱ्या मी बघतो तेव्हा मनातल्या मनात त्यांची वर्षं कमी करत जातो.

एक लक्षात ठेवा. चार्ज उतरत गेला की निरोगी बॅटरीचाही रोध वाढतो, कारण अ‍ॅसिड पातळ होत जातं. म्हणून तुलना नेहमी पूर्ण चार्जवरच करायची.

आता मोजायचं कसं, यावर जरा थांबतो, कारण पैसे इथेच वाचतात.

मल्टिमीटर ओहमवर ठेवून बॅटरीला लावू नका. मीटर बिघडू शकतो, आणि नुसत्या प्रोबच्या तारांचाच रोध ०.१-०.२ ओहम असतो. तुम्हाला मोजायचंय त्याच्या वीस पट. अँपिअरच्या खाचेत प्रोब घालून तर बॅटरीला अजिबात लावू नका. तो सरळ शॉर्ट आहे, आणि चांगली बॅटरी शॉर्टमध्ये दीड हजार अँपिअर सहज सोडते. हातातली अंगठी, कडं काढून ठेवा. पाना दोन टोकांवर आडवा पडला तर वेल्डिंग होतं, हे मी माझ्या १४ नंबरच्या पान्यावर अजून दाखवू शकतो.

बॅटरी रात्रभर चार्ज करा. सकाळी इन्व्हर्टरचा मेन्सचा प्लग काढा, लोड बंद ठेवून दोन-तीन तास तशीच राहू द्या. चार्जरवरून उतरल्या उतरल्या १३ च्या वर दिसतं, तो वरवरचा फुगवटा असतो. मग एक पंखा आणि दोन ट्युबा लावा, पंधरा सेकंद थांबा, व्होल्टेज लिहा. नंतर सगळा लोड लावा, पुन्हा पंधरा सेकंद, पुन्हा लिहा. दोन्ही वेळी प्रवाह टाँग टेस्टरने, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून प्रवाह दाखवणाऱ्या मीटरने बघा. तो डीसी मोजणारा हवा, इलेक्ट्रिशियनच्या खिशातला बहुधा फक्त एसीचा असतो आणि बॅटरीच्या वायरवर शून्य दाखवतो. मिळाला नाही तर वॉटवरून अंदाज बांधा: वॉट भागिले ०.८, भागिले तेव्हाचं व्होल्टेज. समजा १२ अँपिअरला १२.१ आणि ३७ अँपिअरला १०.८५ आले. व्होल्टेजमधला फरक १.२५, प्रवाहातला २५. भागाकार ०.०५, म्हणजे ५० मिलिओहम. चांगल्या १५० अँपिअर-अवर बॅटरीत हाच फरक ०.२ व्होल्टच्या आसपास किंवा कमी असतो.

आमच्याकडे चार तारांचा टेस्टर असतो. दोन तारांनी प्रवाह जातो, दुसऱ्या दोन फक्त व्होल्टेज बघतात, त्यामुळे प्रोबचा रोध हिशेबात येत नाही. तो १००० हर्ट्झच्या एसीवर मोजतो आणि दोन सेकंदांत आकडा देतो. पण तो आकडा वरच्या पद्धतीपेक्षा नेहमी कमी येतो. इतक्या झपाट्याने दिशा बदलणाऱ्या प्रवाहाला प्लेटेवरच्या मंद रासायनिक क्रियेचा अडथळा पुरता दिसतच नाही. म्हणून दुकानदाराच्या टेस्टरचा आकडा आणि तुमचा घरचा आकडा एकमेकांशी ताडून भांडू नका. टेस्टरचा आकडा त्याच बॅटरीच्या नवेपणीच्या आकड्याशी ताडायचा. दीडपट झाला की मी गिऱ्हाइकाला तयारीत राहायला सांगतो.

आता मुख्य गोष्ट. ५० मिलिओहम आले म्हणजे ते सगळे बॅटरीतच आहेत, हे कुठे ठरलं?

माझ्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट सांगतो. नौपाड्यातल्या एका वयस्कर काकांना मी नवी बॅटरी विकली, लोडवर व्होल्टेज पडतंय म्हणून. बसवली, लोड लावला, आणि इन्व्हर्टर तसाच बसला. काका काही बोलले नाहीत, आत जाऊन पाणी घेऊन आले. त्यानेच जास्त लाज वाटली. मग मी प्रोब हलवत गेलो. शिशाच्या गोल पोस्टवर, म्हणजे बॅटरीच्या टोकांवर, दोन्ही प्रोब ठेवले की १२.३. तेच इन्व्हर्टरच्या स्क्रूवर ठेवले की ११.३. एक व्होल्ट रस्त्यात गायब. पॉझिटिव्हचा लग, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची कडी, बाहेरून चकचकीत, वर लाल स्लीव्ह. हात लावला तर चटका बसला. स्लीव्ह कापली तर आत तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या, अर्ध्या तुटलेल्या. लग आणि वायर यांच्यात मोजले तर ०.९ व्होल्ट. ३५ अँपिअरला ०.९ म्हणजे २६ मिलिओहम, आणि त्या बोटभर जागेत ३१ वॉटची शेगडी. वीस रुपयांच्या लगसाठी मी माणसाला नवी बॅटरी घ्यायला लावली होती. जुनी बॅटरी परत नेऊन लावली, ती पुढे दीड वर्ष चालली. नवी मी परत घेतली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. पूर्ण लोड चालू असताना एक प्रोब शिशाच्या पोस्टवर, दुसरा त्याच पोस्टच्या लगवर. मग लग आणि वायर. मग वायरची दोन टोकं. मीटर मिलिव्होल्टवर. जिथे शंभरेक मिलिव्होल्टच्या वर आकडा उडी मारतो, तिथे चोर आहे. खाडीकाठची दमट हवा आणि बॅटरीतून निघणारी आम्लाची वाफ यांनी टर्मिनलवर पांढरी-निळसर बुरशी धरते. गरम पाणी आणि खाण्याचा सोडा टाकून धुवा, सँडपेपरने घासा, घट्ट आवळा, मग वरून पेट्रोलियम जेली. आधी जेली लावून मग आवळणारे महाभागही आहेत.

वायरचंही तेच. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा रोध मीटरला सव्वा मिलिओहमच्याही आत असतो. बॅटरी गॅलरीत आणि इन्व्हर्टर हॉलमध्ये हवा म्हणून कुणी ६ चौरस मिलिमीटरची वायर तीन मीटर ओढली, की जाऊन-येऊन सहा मीटर, सुमारे १८ मिलिओहम, आणि ३५ अँपिअरला साधारण ०.६५ व्होल्ट खल्लास. बॅटरी बदलून हे सुधारणार नाही.

पोस्टवरच मोजून फरक मोठा आला, तर मात्र दोष आत आहे. मग हायड्रोमीटर, म्हणजे अ‍ॅसिडची घनता दाखवणारं उपकरण घ्या, बॅटरीच्या दुकानात मिळतो. सहाही झाकणं उघडून एकेक सेल बघा. पूर्ण चार्ज असताना पाच सेल बाराशे चाळीस आणि एक अकराशे चाळीस दाखवत असेल, तर तो एक सेल बाकी पाचांना घेऊन बुडतोय. सगळेच अकराशे ऐंशीच्या घरात असतील तर आशा आहे. बॅटरी मेलेली नसून उपाशी असू शकते. चार्जरचा प्रवाह तपासा, डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा, वर्कशॉपमध्ये कमी प्रवाहावर दोन दिवस सावकाश चार्ज करून घ्या आणि पुन्हा मोजा. यातून काही बॅटऱ्या उठलेल्या मी पाहिल्या आहेत, सगळ्या नाही. ‘अ‍ॅसिड बदलून नवीन करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. ताजं अ‍ॅसिड ओतलं की हायड्रोमीटरचा आकडा वर जातो, प्लेटा जिथे होत्या तिथेच राहतात.

सोसायटीच्या कमिटीवर असाल तर हे लिफ्टलाही लावून बघा. रबाळ्याजवळच्या एका इमारतीत लाइट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणणारं उपकरण तीन वर्षं हिरवा दिवा दाखवत होतं. त्यात १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या चार सीलबंद बॅटऱ्या ओळीने जोडलेल्या. एकदा एक आजी नातवाला घेऊन दोन मजल्यांच्या मध्ये पाऊण तास अडकल्या. मी गेलो तेव्हा चारही बॅटऱ्या चार्जरवर साडेतेराच्या आसपास, एकीत आणि दुसरीत फरक शोधून सापडेना. लोड दिला तर तीन बारावर टिकल्या आणि चौथी धाडकन आठावर. नव्या असताना या बॅटरीचा रोध वीस-तीस मिलिओहम असतो, हिचा तीनशेच्या वर गेला होता. ओळीत जोडलेल्या बॅटऱ्यांत प्रवाह सगळ्यांतून तोच वाहतो, त्यामुळे सगळ्यात अशक्त ठरवते ते सगळ्यांचं. त्या सेटमध्ये एकच बदलू नका, चारही बदला. तुमचा इन्व्हर्टर कधी दोन बॅटऱ्यांचा झाला तर तिथेही जुनी-नवी जोडी लावू नका.

तर घणसोलीकर, दुकानदाराला अजून हो म्हणू नका आणि त्याला शिव्याही देऊ नका. रविवारी तासभर काढा. खिडकी उघडी ठेवा, जवळ अगरबत्ती-दिवा नको, चार्जिंगचा हायड्रोजन असतो. मला चार गोष्टी कळवा: कमी लोडवरचं आणि पूर्ण लोडवरचं पोस्टवर मोजलेलं व्होल्टेज, त्याच दोन वेळी इन्व्हर्टरच्या स्क्रूवर मोजलेलं, जमलं तर सहा सेलची हायड्रोमीटरची वाचनं, आणि वॉरंटी कार्डावरची तारीख. बऱ्याच ट्युब्युलर बॅटऱ्यांना चार-पाच वर्षांची वॉरंटी असते, काहींत शेवटच्या काळात नव्या बॅटरीवर सूट मिळते. तुमची चार वर्षं नेमकी कधी भरतात ते आधी बघा.